घोडीच्या शेजारी बिऱ्हाड

गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात माणसे राहत होतो, असे मी सांगू लागलो की माझी अमेरिकेतली नात डोळे मोठे करते आणि विचारते, "पण आजोबा, सगळे झोपायचे कुठे?" आता हे उत्तर बोलून समजण्यासारखे नाही. खाटेखालची ट्रंक, ट्रंकेवरच्या गाद्या, मोरीवरचा माळा आणि माळ्यावरचा थोरला भाऊ हे सगळे डोळ्यांनी पाहावे लागते. ती चाळ आता राहिली नाही. पण गेल्या हिवाळ्यात तेच उत्तर मला हातांनी द्यायची संधी मिळाली. टेक्सासमध्ये, मुलीच्या घरामागच्या अंगणात, आम्ही आजोबा-नातीने मिळून 37 चौरस फुटांचे एक बिऱ्हाड थाटले; आणि तेही घोड्याच्या गाडीत!

घोड्याची गाडी म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढे मुंबईची व्हिक्टोरिया उभी राहिली असेल. तसे नव्हे. ही घोड्याने ओढायची गाडी नसून घोड्याला आत उभे करून न्यायची गाडी. तिला तिकडे हॉर्स ट्रेलर म्हणतात. पेशवाईत स्वतःचे घोडे घेऊन चाकरीला येई तो शिलेदार, आणि ज्याला सरकारचे घोडे मिळे तो बारगीर. अमेरिकेत घोडा बाळगणारी बहुतेक मंडळी शिलेदारच. शर्यतीला जायचे, रानात फेरफटका करायचा किंवा डॉक्टरकडे न्यायचे, तरी आपला घोडा आपणच ट्रेलरमध्ये चढवायचा आणि तो ट्रेलर आपल्या ट्रकला जोडून न्यायचा.

आमच्या घरचा ट्रेलर दोन घोड्यांचा. मागे घोडे तिरपे उभे राहतात. पुढे एक छोटी बंद खोली. तिला म्हणायचे 'ड्रेसिंग रूम'. नाव भारदस्त, पण आत खोगिरे, लगाम, खरारे, बूट आणि पेंडीचे पोते! घोडे तिरपे उभे राहत असल्यामुळे मधली भिंतही तिरपी. त्यामुळे खोलीची रुंदी 6 फूट 8 इंच असली तरी लांबी एका बाजूला 4 फूट आणि दुसऱ्या बाजूला 7 फूट. या खोलीच्या पुढे, वरच्या अंगाला, ट्रेलरचे नाक निघते आणि ते ट्रकच्या हौद्यावर जाऊन बसते. हंसाने मान पुढे काढावी तसे ते दिसते, म्हणून या जातीच्या ट्रेलरला 'गूजनेक' म्हणतात. त्या मानेच्या पोकळीत 3 फूट उंचीची मोकळी जागा असते. ती मी पहिल्यांदा पाहिली आणि सौभाग्यवतीला हाक मारली, "अगं, हा बघ माळा!"

हा खटाटोप कशासाठी?

नात पंधरा वर्षांची. तिची घोडी सोळा वर्षांची, म्हणजे घोड्यांच्या हिशेबाने पोक्त बाई. दोघी मिळून पिंपांच्या शर्यतीत उतरतात. मैदानात तीन पिंपे त्रिकोणात मांडलेली असतात. प्रत्येकाला गरकन वळसा घालून कमीत कमी वेळात परत यायचे. 1948 साली टेक्सासमधल्या सॅन अँजेलो गावी स्त्रियांनी स्वतःची रोडिओ संघटना काढली, तिने हा खेळ पुढे फार वाढवला. आज खेड्यापाड्यांतल्या मुली तो खेळतात.

परंतु दोन वर्षांपूर्वी या घोडीला पोटशूळ झाला होता. घोड्याला ओकारी होत नाही. पोटात गेलेले वर येण्याची सोयच निसर्गाने ठेवलेली नाही. त्यामुळे आतडे तुंबले किंवा त्याला पीळ पडला तर काही तासांत जिवावर बेतते. ती त्या वेळी थोडक्यात वाचली. डॉक्टरांनी बजावले की प्रवासात, परक्या जागी, पाणी कमी पिऊन हा त्रास पुन्हा होऊ शकतो. रात्री तिच्या जवळपास माणूस असू द्या.

शर्यती दोन-दोन दिवसांच्या आणि घरापासून लांब. मुक्काम मोटेलमध्ये केला तर घोडी दहा मैल दूर. ट्रकमध्ये अंग मुडपून झोपायचे तर जावईबापूंची पाठ धरते. राहत्या खोलीसकट तयार ट्रेलर बाजारात मिळतात. त्यांत न्हाणीघर, शेगडी, सोफा सगळे असते. पण त्यांची किंमत ऐकून जावईबापू म्हणाले, "बाबा, या पैशांत मुलीचे कॉलेज होईल." शेवटी घरात असा विचार निघाला की पोरीने ही शर्यत सोडावी आणि घोडी विकून टाकावी. सोळा वर्षांच्या आजारी घोडीला कोण घेतो आणि कशासाठी घेतो, हे नातीला ठाऊक होते. ती काही बोलली नाही. जेवणाच्या ताटावरून उठून गेली.

मी माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षे प्रवासी डब्यांचे काम केलेले. पत्र्याच्या पेटीत माणसांची झोपण्या-बसण्याची सोय करणे हाच माझा धंदा. दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन मी अंगणात उतरलो.

ही युक्ती जुनीच

चाकांवर संसार मांडण्याची हौस अमेरिकेला आजची नाही. 1866 साली चार्ल्स गुडनाइट नावाच्या टेक्सासच्या गुरेवाल्याने सैन्याचा एक जुना दणकट छकडा घेतला आणि त्याच्या मागच्या बाजूला खणाखणांचे कपाट बसवले. कपाटाची फळी खाली पाडली की तेच स्वयंपाकाचे टेबल. शेकडो मैल गुरे हाकत नेणाऱ्या गड्यांना या 'चक वॅगन'ने जेवू घातले. पुढे 1880 नंतर वायोमिंगकडच्या मेंढपाळांसाठी मेंढवाड्याच्या गाड्या निघाल्या. दाराशी लोखंडी चूल, मागच्या टोकाला आडवा पलंग आणि पलंगाखालून बाहेर ओढायचे टेबल. एकटा माणूस त्यात बर्फाळ हिवाळा काढी.

आपले धनगर तरी वेगळे काय करतात? घोड्यांच्या पाठीवर भांडीकुंडी, घोंगड्या आणि कोंबड्या लादून ते वर्षातले कित्येक महिने मेंढरांमागे फिरतात. त्यांच्या वाड्यावर गेलात तर एकही निरुपयोगी वस्तू सापडणार नाही. जनावराजवळ राहायचे म्हणजे आपले सामान आवरते घ्यायचे, हा नियम सगळीकडे सारखाच.

भिंतींना सुटलेला घाम

पहिली चूक माझीच. खोली रिकामी केली, घासूनपुसून काढली, आणि बेत करण्यापूर्वी एक रात्र झोपून पाहावे म्हणून जानेवारीत मी आणि जावईबापू आत पथारी टाकून पडलो. पहाटे तोंडावर पाणी ठिबकू लागले. वाटले पाऊस आला. बाहेर तर चांदणे! ॲल्युमिनियमचा पत्रा बाहेरच्या गारठ्याने थंडगार झालेला, आणि दोन माणसांच्या श्वासातली वाफ त्याला लागून त्याचे पाणी झालेले. उन्हाळ्यात हाच पत्रा तापून खोलीची भट्टी होते. टेक्सासमध्ये पारा 38 अंशांच्या वर जाणे नित्याचे.

म्हणून पहिले काम अस्तराचे. पत्र्याच्या आत धातूच्या फासळ्या असतात. त्या फासळ्यांच्या मधल्या खणांत दीड इंच जाडीचे, पाणी न शोषणारे फोमचे तक्ते बेताबेताने कापून बसवले. कडा चिकटपट्टीने बंद केल्या. फासळ्यांवर लाकडी पट्ट्या मारल्या, म्हणजे आतली भिंत थंड धातूला थेट टेकत नाही. वर पातळ प्लायवूड. इतके करूनही श्वासाची वाफ बाहेर जायला हवीच, म्हणून छतात झडप आणि छोटा पंखा. कितीही थंडी असली तरी ती झडप बोटभर उघडी ठेवायची.

खिडकी कापताना नातीच्या हातात खडू दिला आणि सांगितले, "आधी फासळ्या कुठे आहेत त्या आखून घे. दोन फासळ्यांमधला पत्रा कापायचा. फासळी कापायची नाही. फासळी म्हणजे गाडीचे हाड." तिने पत्र्यावर ठोकून, कान लावून, सगळी हाडे बरोबर शोधली. माळ्यावरची खिडकी मुद्दाम मोठी आणि बाहेर ढकलून उघडणारी घेतली. दाराशी आग लागली तर झोपलेल्या माणसाला दुसरी वाट हवी.

मधल्या तिरप्या भिंतीला जास्त वेळ लागला. तिच्या पलीकडे घोडी. घोड्याच्या मुताला अमोनियाचा उग्र दर्प असतो. तो झोपेत नाकात जाणे बरे नाही, आणि तेच मूत साचून राहिले तर ॲल्युमिनियमही खाते. भिंतीची प्रत्येक भेग रबरी लांबीने बुजवली. घोडीच्या बाजूच्या रबरी चटया दर प्रवासानंतर उचलून खालची जमीन धुवायची, हे काम नातीच्या नावावर लिहून दाराच्या आत चिकटवले.

साखळीवरचा बाक

माळ्यावर गादी टाकली की दोन माणसांची सोय झाली. तिसऱ्याचे काय? इथे रेल्वे मदतीला आली. थ्री-टायरच्या डब्यातला मधला बर्थ सगळ्यांनी पाहिलेला आहे. दिवसा पाठ टेकायला, रात्री साखळीला लटकावून झोपायला. खोलीच्या सात फुटी बाजूला तशीच बिजागरीची फळी भिंतीला लावली. खाली अरुंद बाक, बाकाखाली खण. खिडकीखाली घडीचे टेबल, गाडीत असते तेवढेच. दाराला आतून जाळीचा कप्पा. खोगिरांना मात्र खोलीतून हाकलले आणि मागच्या दाराशी त्यांचे वेगळे कपाट केले. ओल्या खोगिराचा आणि माणसाच्या अंथरुणाचा संसार एका खोलीत होत नाही.

सौभाग्यवती येऊन पाहून गेली. म्हणाली, "देवाला जागा कुठे?" टेबलाच्या वर चार इंचांची एक फळी राहिली होती. तिथे गणपती बसला. त्याला मेणाचा गोळा लावून चिकटवला, कारण गाडी हलते.

न्हाणीघर केले नाही. शर्यतीच्या मैदानांवर न्हाण्याची सोय असते. रात्रीच्या अडचणीसाठी झाकणाचे पेटीसारखे संडासपात्र बाकाखाली ठेवले. शेगडीही आत ठेवली नाही. तिकडचा प्रोपेन काय किंवा आपला सिलिंडरचा गॅस काय, हवेपेक्षा जड. गळला तर जमिनीलगत साठतो. शिवाय बंद खोलीत काहीही जळत ठेवले की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो. म्हणून चूल बाहेर, मांडवाखाली. शेजारच्या ट्रेलरच्या जनित्राचा धूरही आत येऊ शकतो, म्हणून या विषारी वायूची सूचना देणारे यंत्र उशाशी लावले. सगळ्या खर्चात मला तो पैसा सर्वांत सार्थकी लागलेला वाटतो.

दिवाबत्तीचा हिशेब

आपल्या जुन्या डब्यांखाली पट्ट्याने फिरणारा डायनामो आणि बॅटऱ्यांच्या पेट्या असत. इथे डायनामोच्या जागी छतावर 100 वॉटचे सौर पान आणि 12 व्होल्टची एक बॅटरी. बॅटरी 100 अँपिअर-तासांची, पण शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते. म्हणून आपल्या हातात 50. नातीला कागद-पेन्सिल देऊन हिशेब करायला लावला. पाच दिवे मिळून सव्वा अँपिअर, चार तास, म्हणजे 5. पंखा 2 अँपिअर, आठ तास, म्हणजे 16. फोन वगैरेंचे 4. एकूण 25. म्हणजे एक दिवस ढग आले तरी अडत नाही. वातानुकूलन यंत्र या बॅटरीवर चालत नाही. त्यासाठी मैदानावरच्या विजेच्या खांबालाच जोडावे लागते.

बॅटरी भरताना तिच्यातून ज्वालाग्राही वायू सुटतो, म्हणून तिची पेटी बाहेर, हवेशीर. प्रत्येक तारेला बॅटरीजवळच फ्यूज. आणि तार जिथे धातूच्या फासळीतून जाते तिथे भोकाला रबराची कडी. गाडी हादरते, धातूची धार तार खाते आणि आग लागते. वर्कशॉपमध्ये अशा जळक्या तारा मी पुष्कळ पाहिल्या होत्या.

काट्यावर

मार्चमध्ये बिऱ्हाड तयार झाले. जावईबापूंनी हौसेने माळ्याखालच्या पोकळीत 113 लिटरची पाण्याची टाकी बसवली होती, ओकच्या लाकडाची कपाटदारे लावली होती. सगळे सामान आणि घोडी चढवून आम्ही हमरस्त्यावरच्या ट्रकवाल्यांच्या तळावर गेलो. तिथे वजनकाटा असतो. चार पैसे टाकले की प्रत्येक आसावर किती भार आहे याची चिठ्ठी मिळते.

चिठ्ठी पाहून जावईबापूंचा चेहरा उतरला. ट्रेलरचे एकूण वजन त्याच्या मर्यादेत होते. पण ट्रकच्या मागच्या आसावर मर्यादेपेक्षा 140 किलो जास्त! कारण उघड होते. आम्ही जे जे केले ते सगळे पुढच्या खोलीत आणि नाकात. आणि नाक बसते ट्रकच्या पाठीवर. तिथे ठेवलेला प्रत्येक किलो जवळजवळ पुरता ट्रकवरच पडतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. भरलेली टाकी म्हणजे दोन धडधाकट माणसे नाकावर बसवून नेण्यासारखे. अशा गाडीचा उतारावर ब्रेक लागेना किंवा टायर फुटला, तर मागे घोडी आणि पुढे घरची सगळी माणसे.

"काही होत नाही, लोक नेतातच," असे जावईबापू हळूच म्हणाले. मी काही बोललो नाही. सासऱ्याने काय बोलावे? नातच म्हणाली, "बाबा, टाकी काढू या."

टाकी निघाली. तिच्या जागी वीस-वीस लिटरचे दोन डबे, रिकामे न्यायचे आणि मुक्कामी भरायचे. ओकची दारे गेली, त्यांच्या जागी सौभाग्यवतीने शिवलेले खणाचे पडदे आले. पुन्हा काट्यावर गेलो. भार मर्यादेच्या आत 20 किलो. नातीने ती चिठ्ठी गणपतीच्या फळीखाली चिकटवून ठेवली. आणखी एक नियम त्याखाली लिहिला: गाडी चालू असताना या खोलीत कोणीही बसायचे नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत तसा कायदाच आहे, आणि नसता तरी तो शहाणपणाच.

रात्री दोन वाजता

एप्रिलमधली पहिली शर्यत घरापासून तीन तासांच्या वाटेवर होती. ट्रेलरच्या कुशीला लोखंडी कठडे अडकवून घोडीसाठी आवार केले. माळ्यावर मुलगी आणि नात, साखळीच्या फळीवर मी. जावईबापू आणि सौभाग्यवती मोटेलवर. तिने स्पष्टच सांगितले होते की चाळीतली माळ्यावरची शिडी एका जन्माला पुरे.

रात्री दोनच्या सुमारास नातीने मला हलवले. "आजोबा, ऐका." मला काही ऐकू येईना. तिने माझा हात धरून भिंतीला लावला. पलीकडून दणका येत होता, थांबून, पुन्हा. घोडी पुढच्या पायाने जमीन उकरत होती आणि खूर पत्र्याला लागत होता. आम्ही कंदील घेऊन बाहेर धावलो. घोडी मान वळवून स्वतःच्या कुशीकडे पाहत होती. अंगाला घाम. संध्याकाळचे गवत तसेच पडलेले.

मैदानावर पशुवैद्य मुक्कामाला होते. दहा मिनिटांत आले. पोटाला नळी लावून आवाज ऐकले, वेदनेवर टोचले, नाकातून नळी घालून पोटात तेल आणि पाणी सोडले. म्हणाले, "आतडे तुंबले आहे, पीळ पडलेला दिसत नाही. वेळेवर कळले. सकाळी कळले असते तर मी वेगळे बोललो असतो." मग उजाडेपर्यंत नात तिला दोरीने धरून हळूहळू फिरवत राहिली आणि मी मागून कंदील धरून चाललो.

सहा वाजता घोडीने लीद टाकली. इतक्यात सौभाग्यवती डबा घेऊन पोचली. तिने आयुष्यात पहिल्यांदाच लिदीकडे पाहून हात जोडले.

शर्यत अर्थातच झाली नाही. भरलेली फी गेली. नात घोडीच्या आवारापाशी बसून पोहे खात होती. तिची झोपेने जड झालेली मान भिंतीला टेकली होती. बाहेरून, जिथे आतल्या बाजूला माझी फळी होती तिथेच. मी तिला म्हटले, "आत जाऊन नीट झोप."

"नको," ती म्हणाली. "इथून तिचा श्वास ऐकू येतो." मग थोडा वेळ थांबून तिने विचारले, "आजोबा, तुमच्या खोलीत सात जण होते ना? मग रात्री कोणी आजारी पडले तर लगेच कळत असेल."

"लगेच," मी म्हणालो. "खोकला सुरू व्हायच्या आत कोणीतरी पाणी घेऊन उठलेले असायचे."